नवी पिलं जुन्या कोंबड्यात सोडली अन् नुसता धिंगाणा झालाय, काय करावं?

काळीमाती_औसा · ३ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वाचते रोज पण लिहायची पहिलीच वेळ, चुकलं माकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडं शेतातल्या घरी सात गावरान कोंबड्या अन् एक कोंबडा हाय. चार वर्षं झाली, कधी काई तरास नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कावेरी ह्या सुधारित जातीची सहा पिलं आणली एक दिवसाची, वसरीत खोक्यात बल्ब लावून वाढवली, एक पण मेलं नाही, माझी धाकटी तर त्यांच्यापाशीच बसून अभ्यास करायची. आता आठ आठवड्याची होतील. किराणाच्या काट्यावर टाकली तर पाचशे-साडेपाचशे ग्रॅम भरायलीत. वसरीत वास सुटलाय, सासूबाई रोज बोलायल्यात, म्हणून म्हटलं आता मोठ्यात सोडावं.

आज सकाळी खुराड्यासमोर जवारी टाकली अन् सगळी एकदम सोडली. दोन मिनिटं सगळं गप. मग आमची एक तांबडी लंगडी कोंबडी हाय ती मान ताठ करून आली अन् जे सुरू झालं ते काय सांगू, नुसती पिसं. पिलं गोठ्यात पळाली, एक तर गव्हाणीखाली दडून बसलं ते दुपारपर्यंत निघंना. एकाच्या डोक्यावरचं कातडं सोललंय, रक्त आलंय. परत आणून वसरीत ठेवलीत. पिलं वसरीतच ठेवू का रोज थोडा वेळ सोडत जाऊ? का कावेरी अन् गावरानचं जमतच नाही?

नळदुर्गचा_तुरा · ३ ऑगस्ट, रात्री १०:०५

काई होत नाही ताई. सोडून द्या, चार दिवस मारामारी करतेत अन् गप बसतेत. आमच्या आजीच्या तीस-तीस कोंबड्या होत्या, तिनं कधी जाळ्या लावल्या का कधी काट्यावर तोलल्या. तुम्ही लई लाड करायलाव.

गच्चीवरचं_खुराडं · ३ ऑगस्ट, रात्री १०:३०

रक्त आलेलं पिलू आधी बाकीच्या पाच पिलांपासून पण वेगळं करा, आत्ता, रात्रीच. कोंबड्यांना लाल दिसलं की त्या तिथंच टोचत राहतात, सख्खी भावंडं पण सोडत नाहीत. जखम धुऊन हळद अन् कडुनिंबाचं तेल लावा, नाहीतर मेडिकलमधलं ते जांभळं औषध, जेंशन व्हायोलेट. त्याचा फायदा असा की लाल रंगच झाकला जातो.

बाकी माहिती द्या: खुराडं किती मोठं? दाण्याची भांडी किती? दिवसभर मोकळ्या असतात का कोंडलेल्या? मी संभाजीनगरला गच्चीवर ११ कोंबड्या पाळतो, माझ्याकडं पळायला जागाच नाही त्यामुळं हे सगळं दोनदा भोगून झालंय.

काळीमाती_औसा · ४ ऑगस्ट, सकाळी ७:१५

खुराडं सहा बाय चार फूट, पत्र्याचं, आत एक बांबू आडवा. दिवसभर मोकळ्याच असतात, गोठा, उकिरडा, बांधापर्यंत जातात. दाण्याला एक जुनी परात हाय अन् पाण्याला एकच कुंडी. जखमेला हळद लावली. सासूबाई कुंकू लाव म्हणत होत्या, मी म्हटलं नको, ते लालच हाय 😄

बालाघाटकर · ४ ऑगस्ट, सकाळी ११:२०

ताई, तुपल्या कोंबड्यांचं काई चुकलं नाही. आपल्या घरात उद्या सहा अनोळखी माणसं येऊन एकाच ताटाला बसली तर आपण काय करू? मपल्याकडं पंचवीस वर्षं कोंबड्या हायेत, एवढं कळलंय की भांडण होणारच, आपल्या हातात एवढंच की ते हळूहळू व्हावं अन् पिलाला पळायला वाट असावी.

आता काय कर. खुराड्याच्या एका बाजूला लागूनच चार बाय चारचा कोंडवाडा कर. तुराट्या, तुरीच्या वाळल्या काड्या, असतेल ना मागच्या वर्षीच्या, चुलीपाशी रचलेल्या? त्याचाच कूड बांध पण दाट नको, बोट-बोट फट ठेव, कारण दोघांनी एकमेकाला बघायला पाहिजे. वरून पण झाकायचं, घार हाय, मुंगूस हाय. जाळी असल तर मग प्रश्नच नाही. पिलं दिवसभर तिथं, रात्री वसरीत आणली तरी चालल. मोठ्या कोंबड्या पहिले दोन दिवस कुडाशी येऊन फुगतील, चोची मारतील, तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांना कंटाळा येतो. दहा-पंधरा दिवस असंच ठेवायचं. घाई करायची नाही. अन् दाण्याची परात कुडाच्या अलीकडं-पलीकडं जवळजवळ ठेवायची म्हणजे एका टायमाला दोघं समोरासमोर खातेत. जेवताना ओळख होती, माणसाची काय अन् कोंबडीची काय.

दुसरं, पिलं अजून लहान हायेत. मोठीच्या दोन तृतीयांश तरी झाली पाहिजेत. बारा आठवडे धर.

पशुवैद्य_होणारा · ४ ऑगस्ट, दुपारी २:५०

काकांच्या सांगण्यात काही कमी नाही, फक्त थोडी भर घालतो. मी उदगीरला शेवटच्या वर्षाला आहे.

कोंबड्यांमध्ये कोण कुणाला टोचणार याची ठरलेली उतरंड असते. थोरलीफ श्येल्डरुप-एब्ब नावाच्या नॉर्वेच्या माणसानं शंभर वर्षांपूर्वी, १९२१-२२ च्या सुमारास हे पहिल्यांदा नीट मांडलं, लहानपणापासून घरच्या कोंबड्यांकडं बघत बसायचा म्हणे. इंग्रजीत पेकिंग ऑर्डर म्हणतात ते तिथूनच आलं. मजेची गोष्ट अशी की नवीन आलेल्याला सगळ्यात जास्त त्रास बहुतेक वेळा एक नंबरची कोंबडी देत नाही, तिला कशाची भीती नसते. त्रास देते ती खालच्या नंबरची, कारण तिच्याखाली आता कुणीतरी आलं. ताई, ती लंगडी कोंबडी बाकीच्यांचा मार खाणारी आहे का?

आता दोन गोष्टी ज्या अजून कुणी विचारल्या नाहीत. एक, मोठ्या कोंबड्यांना काय खाऊ घालता? अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य देत असाल तर त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, वाढत्या पिलांना एक टक्क्याच्या आसपास लागतं. पिलांनी आठवडेच्या आठवडे लेयर खाल्लं तर मूत्रपिंडं खराब होतात. एकत्र झाल्यावर परात वेगळी ठेवून उपयोग नाही, कोण कुणाचं खाईल हे सांगता येत नाही. म्हणून सगळ्यांना ग्रोवर म्हणजे वाढत्या पिलांचं खाद्य द्या अन् शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. अंडी देणारी कोंबडी स्वतः जाऊन खाते, पिलं तिकडं फारशी जात नाहीत.

दोन, लसी. पिलांना लासोटा, गंबोरो झालंय का? अन् जुन्या कोंबड्यांना मानमोडीची म्हणजे राणीखेतची लस शेवटची कधी दिली?

काळीमाती_औसा · ४ ऑगस्ट, रात्री ८:३०

भाऊ तुम्ही तर ज्योतिषीच निघालात. लंगडी सगळ्यात खालची, तिला परातीपाशी कुणी येऊ पण देत नाही, सगळ्यांचं झाल्यावर खाती. मागच्या साली कुत्र्यानं धरली होती तवापासून एक पाय ओढती. मला तर तिचीच कीव येत होती.

खाद्य लेयरचंच हाय अर्धं, अर्धी जवारी-मका. पिलांना आतापर्यंत स्टार्टर दिलं. लासोटा सातव्या दिवशी डोळ्यात टाकली, गंबोरो चौदाव्याला, परत लासोटा अठ्ठाविसाव्याला. जुन्यांना… खरं सांगू, कधीच नाही.

पाटोद्याची_माई · ४ ऑगस्ट, रात्री ९:१०

नळदुर्गच्या भावाला सांगते. तुमच्या आजीनं जाळी लावली नाही कारण तिची पिलं कोंबडीच्या पोटाखाली निघाली होती. पहिल्या दिवसापासून आईच्या मागं मागं सगळ्यात हिंडली. पिलाला दुसरी कोंबडी चोच मारायला आली की आई अंगावर धावून जाती, बोक्याला पण सोडत नाही, मी बघितलंय. दोन-अडीच महिन्यांनी आई त्यांना तोडती तवर त्या पिलांना सगळं ठाऊक झालेलं असतं, कुणापासून लांब राहायचं अन् कुणाच्या बाजूनं दाणा वेचायचा. आजीच्या पिलांना आई होती, ताईच्या पिलांना बल्ब. बल्ब काय शिकवणार?

ताई पुढच्या बारीला एखादी गावरान खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली की तवा पिलं आणा. रात्री अंधारात तिच्याखाली हळूच सारायची, एक-दोन दिवसाचीच पाहिजेत, आधी तिला नुसत्या अंड्यावर पंधरा-वीस दिवस बसू द्यायचं. सकाळी उठून ती समजती की आपलीच. दहात एखादी नाही घेत, म्हणून सकाळी आपण तिथं असायला पाहिजे. कावेरी, वनराज ह्या सुधारित कोंबड्या खुडूक होत नाहीत सहसा, हे काम गावरानचंच.

नळदुर्गचा_तुरा · ४ ऑगस्ट, रात्री ९:२५

माई पटलं. पण तरी लई करायलेत लोक कोंबडीचं 🙏

गोदाकाठ_नांदेड · ५ ऑगस्ट, सकाळी ९:००

ताईची पिलं एक दिवसापासून घरातच होती म्हणून बरं, पण जे लोक हा धागा वाचून बाजारातून मोठी तलंगं, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणून सोडणार हायेत त्यांच्यासाठी लिहितो. दोन वर्षांखाली मी आठवडी बाजारातून चार तलंगा आणल्या, पायाला सुतळी बांधलेल्या, दिसायला एकदम टवटवीत, तुरे लाल. त्याच दिवशी संध्याकाळी घरच्या १४ कोंबड्यांत टाकल्या. पाचव्या दिवशी एकीनं मान वाकडी केली, हिरवी पातळ विष्ठा, अन् आठ दिवसात १८ मधल्या १५ गेल्या. मानमोडी. उरलेल्या तिघींपैकी एकीची मान शेवटपर्यंत थरथरायची. बायकोनं दोन महिने खुराडं उघडलं नाही.

तवापासून नवीन पाखरू आलं की कमीत कमी तीन-चार आठवडे घराच्या दुसऱ्या टोकाला. जाळीच्या पलीकडं ठेवणं म्हणजे वेगळं ठेवणं नव्हं, ती वेगळी पायरी हाय, आधी रोगासाठी लांब अन् मग ओळखीसाठी जवळ. दाणापाणी पहिल्यांदा जुन्यांना, मग नव्यांना, चपला वेगळ्या. लोक हसतेत. हसू द्या. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला तवा आमच्याकडं पण लोकांनी अंडी खायची सोडली होती, त्या टायमाला मला चपलांवर हसणारेच फोन करून विचारत होते.

पशुवैद्य_होणारा · ५ ऑगस्ट, दुपारी १:३०

गोदाकाठ दादांचं प्रत्येकानं वाचावं. ताई, तुमच्या बाबतीत उलटं पण खरं आहे. पिलं स्वच्छ आहेत, लस झालेली आहे, जुन्या कोंबड्या बिनलसीच्या आहेत अन् चार वर्षं मातीत आहेत. पिलांना आठवा आठवडा लागला की राणीखेतची आर-टू-बी लस देतात, ती जुन्यांना पण एकाच दिवशी द्या. एक कुपी साधारण शंभर पक्ष्यांची येते अन् एकदा पातळ केली की दोनेक तासात संपवावी लागते, म्हणून आजूबाजूच्या चार घरच्यांना गोळा करा. बर्फात आणायची, संध्याकाळी गारव्यात टोचायची. आजारी दिसणाऱ्या पक्ष्याला नाही द्यायची. लस दिल्यावर पंधरा दिवस तरी जाऊ द्या, मगच एकत्र.

काळीमाती_औसा · ११ ऑगस्ट, रात्री ९:००

अपडेट. कूड झाला. तुराट्या होत्याच, ह्यांनी एका दुपारी बांधून दिला, वरून जुनी जाळी टाकली जी भेंडीच्या वाफ्याला होती. लस झाली शनिवारी, आमच्या आणि शेजारच्या तीन घरच्या मिळून ५२ कोंबड्या, त्यासाठी दवाखान्यात दोन हेलपाटे झाले अन् तिसऱ्या बारीला कुपी मिळाली, ते असो.

काकांनी सांगितलं तसंच झालं बघा. पहिल्या दिवशी सगळ्या कुडाला चिकटून फुगून उभ्या. दुसऱ्या दिवशी चार. काल नुसती लंगडी. ती आता पण तिथंच हाय, सगळ्या उकिरड्यावर गेल्या तरी ही कुडासमोर एका पायावर उभी, आतलं पिलू फटीजवळ आलं की टक् करून मारती अन् परत उभी. जसं काय ड्युटी लागलीय.

एक विचारायचंय. आमचा कोंबडा बाकीच्या पाच पिलांकडं बघत पण नाही पण ज्याला जखम झाली होती त्यालाच बघून पंख खाली सोडून कुडावर धावून जातो. त्याच्यातच काय हाय?

बालाघाटकर · ११ ऑगस्ट, रात्री ९:३५

त्याचा तुरा बग. बाकीच्यांपेक्षा मोठा अन् लाल झालाय का? पाय जाड? शेपटीपाशी पिसं टोकदार, लांब निघाय लागलीत?

काळीमाती_औसा · ११ ऑगस्ट, रात्री ९:५०

आत्ता बॅटरी घेऊन बघून आले. व्हय. तिन्ही गोष्टी हायेत.

बालाघाटकर · ११ ऑगस्ट, रात्री ९:५२

मग ती तलंग नाही ताई, कोंबडा हाय तो. तुपल्या कोंबड्याला आपल्या आधी कळलं.

काळीमाती_औसा · ११ ऑगस्ट, रात्री १०:००

😂😂 आणि माझ्या धाकटीनं त्याचं नाव राणी ठेवलंय. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या श्रावण संपू दे मग बघू. आता घरात दोन पार्ट्या पडल्यात.

गच्चीवरचं_खुराडं · १२ ऑगस्ट, सकाळी ८:१०

सात-आठ कोंबड्यांना एक कोंबडा पुष्कळ. दुसरा ठेवला तर पाच-सहा महिन्यांचा झाल्यावर दोघं रक्तबंबाळ होईपर्यंत भांडतात अन् मधल्या मधे कोंबड्यांच्या पाठीची पिसं जातात, प्रत्येक जण चढायला बघतो. राणीला कुणाला तरी देऊन टाका, ज्याच्याकडं नुसत्या कोंबड्या आहेत. पण आत्ता काढू नका, आत्ता सहाच्या घोळक्यात आहे तर राहू द्या. नवीन पाखरं जितकी जास्त तितका मार वाटला जातो. मी पहिल्यांदा एकटं एक तलंग सोडलं होतं, तिसऱ्या दिवशी ते पाण्याच्या टाकीमागं मेलेलं सापडलं, अंगावर मोठी जखम पण नव्हती. चार जणी मिळून तिला दाण्याला येऊ देत नव्हत्या हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

काळीमाती_औसा · १८ ऑगस्ट, सकाळी ६:५०

अर्जंट हाय. चार दिवस झड लागलीय, सूर्य दिसला नाही. कोंडवाड्यात खाली सोयाबीनचं भुसकट टाकलं होतं ते ओलं झालंय. आज सकाळी एक पिलू पंख खाली टाकून कोपऱ्यात बसलंय, डोळे मिटलेले, पिसं फुगलेली, अन् विष्ठेत रक्त दिसायलंय. मला आधी वाटलं मोठ्यांनी टोचलं पण जखम कुठंच नाही. काय करू?

पशुवैद्य_होणारा · १८ ऑगस्ट, सकाळी ७:०५

ही बहुतेक रक्ती हगवण, कॉक्सिडिया. टोचण्याचा संबंध नाही. तुमची पिलं आतापर्यंत वसरीत, फरशीवर होती, जुन्या कोंबड्यांच्या मातीतले हे जंतू त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. थोडे थोडे पोटात गेले तर अंगात ताकद तयार होते, पण ओल्या भुसकटात ते भराभर वाढतात अन् एकदम जास्त गेले की असं होतं.

आजारी पिलू वेगळं करा, उबेत. ॲम्प्रोलियम आणा, पाण्यातून, पाकिटावर जे प्रमाण आहे तेच, अन् सहाही पिलांना द्या, नुसत्या आजाऱ्याला नको. दुसरं पाणी ठेवू नका. महत्त्वाचं म्हणजे त्या दिवसांत बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक देऊ नका, लोक ताकदीला म्हणून हमखास देतात. ॲम्प्रोलियम बी-वन जीवनसत्त्वासारखं दिसतं, त्या जंतूला फसवूनच ते काम करतं, तुम्ही बी-वन पाजलं की औषधाचा जोर जातो. ओलं भुसकट सगळं काढा, खाली चुना भुरका, सुकं टाका. जमलं तर विष्ठेचा नमुना दवाखान्यात दाखवा.

काळीमाती_औसा · १८ ऑगस्ट, रात्री ८:१५

ते गेलं. दुपारी तीनला. औषध आणायला औशाला गेलेले हे परत यायच्या आधीच. बाकी पाचांना पाणी लावलंय. ओलं सगळं काढलं, ह्यांनी कोंडवाड्यावर पत्रा टाकला, ते आधीच टाकायला पाहिजे होतं, माझ्या डोक्यात नुसतं टोचाटोची होती, ओल्याकडं ध्यानच गेलं नाही. धाकटी जेवली नाही.

गोदाकाठ_नांदेड · १८ ऑगस्ट, रात्री ८:४०

ताई मनाला लावून घेऊ नका. झडीत आमची पण जातेत. पाच वाचली तर लई झालं.

पाटोद्याची_माई · १९ ऑगस्ट, सकाळी १०:००

लेकराला म्हणावं पुढच्या बारीला खुडकीखाली पिलं घालू, तिचं तिनं मोजायचं. अन् बाई, भुसकट नको पावसाळ्यात, लई पाणी धरतं. साळीचं तूस मिळालं तर बघा, नाहीतर चुलीची राख अन् कोरडी माती. राखेत पाखरं अंग पण घोळसतेत, उवा-पिसवा जातेत.

काळीमाती_औसा · ५ सप्टेंबर, रात्री ९:१०

महालक्ष्म्या झाल्या, आता निवांत बसले. पाची पिलं ठणठणीत. वजन साडेआठशे, राणी तर किलोच्या वर. जुन्यांचं लेयर मागच्या महिन्यातच बंद केलं, सगळ्यांना ग्रोवर अन् शिंपल्याचा चुरा वेगळा. अंडी कमी होतील वाटलं पण नाही झाली, कवच पण टणक हाय.

आज कूड उघडायचा विचार होता पण लंगडी अजून तशीच. बाकीच्यांनी सोडून दिलंय, आज एक काळी कोंबडी अन् दोन पिलं कुडाच्या दोन बाजूला पाठीला पाठ लावून बसली होती. पण ही काई ऐकंना.

बालाघाटकर · ५ सप्टेंबर, रात्री ९:४०

लंगडीला काढ. पिलांना नको, तिला. चार दिवस डालग्याखाली नाहीतर दुसऱ्या खोलीत, जिथून बाकीच्या दिसणार नाहीत. त्या चार दिवसात पिलं मोकळी सोड. परत आणशील तवा पिलं घरची झालेली असतेल अन् ती नवी.

पशुवैद्य_होणारा · ५ सप्टेंबर, रात्री १०:१५

बरोबर. फक्त फार दिवस नका ठेवू. दोन-तीन आठवडे दिसली नाही तर बाकीच्या तिला ओळखतच नाहीत, पूर्ण परकी समजून मारतात, अन् ती आधीच पायानं अधू आहे. तीन-चार दिवस पुरे.

गच्चीवरचं_खुराडं · ६ सप्टेंबर, सकाळी ७:३०

अन् उघडायच्या आधी सामान मांडून ठेवा. तीन ठिकाणी दाणा, तीन ठिकाणी पाणी, एकमेकांपासून लांब, एका नजरेत सगळं दिसायला नको. एक लाकडी खोकं पालथं घालून त्याला एवढंच भोक पाडा की पिलू जाईल अन् मोठी अडकेल. खोक्याला दोन भोकं पाहिजेत हां, एकच असलं की पिलू आत कोंडलं जातं. दोरीला मेथीची नाहीतर लसूणघासाची जुडी कोंबडीच्या डोक्याच्या जरा वर टांगा, उड्या मारण्यात वेळ जातो त्यांचा.

रात्री बांबूवर नेऊन बसवायची युक्ती लोक सांगतात ती पण चालते, अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही त्यामुळं तेवढ्यापुरतं शांत असतं. पण सकाळी उजाडायच्या आत दार उघडायला पाहिजे, नाहीतर सहा बाय चारच्या डब्यात सगळी एकत्र जागी होतात अन् पळायला जागा नाही. मी एका रविवारी झोपून राहिलो होतो, पुढचं सांगत नाही.

काळीमाती_औसा · ११ सप्टेंबर, रात्री ८:४५

पिलं सोडली सोमवारी. दुपारी चारला, म्हणजे दिस मावळायला दोन-अडीच तासच राहावेत. टोचाटोची झाली पण रक्त नाही. काळीनं एकदोघींना हाणलं, त्या पळाल्या, काळीनं पाठलाग नाही केला. मी कमरेवर हात ठेवून उभी, सारखं मधे पडावं वाटायलं होतं, ह्यांनी ओढून नेलं घरात. पहिल्या दोन दिवशी पिलं खोक्यातच बसून होती. तिसऱ्या दिवशी उकिरड्यावर, पण एका कडंला.

आज लंगडीला आणलं. ती आली, मान ताठ केली, नेहमीसारखी एकीकडं गेली अन् टक् मारली. ती कावेरी जागची हललीच नाही, उलट छाती पुढं करून उभी राहिली, आता तिच्याएवढीच झालीय ना. लंगडीनं दुसरीकडं बघितलं अन् उगंच माती उकरायला लागली, जसं काय तिथं दाणा होता.

एकच कटकट. पिलं रात्री बांबूवर बसंनात, अंड्याच्या टोपलीत झोपायलीत, सकाळी सगळी टोपली घाण.

पाटोद्याची_माई · ११ सप्टेंबर, रात्री ९:००

झाकड पडायच्या आत टोपल्या पालथ्या घाला, सकाळी सुलट्या करा. अन् पिलं हातानं उचलून बांबूवर बसवा, चार-पाच रात्री लागतेत. एक बांबू खाली अजून लावा, कावेरी अंगानं जड असती, उंच उडी नाही मारत. एका कोंबडीला आठ बोटं-वीतभर जागा धरा.

काळीमाती_औसा · २८ सप्टेंबर, संध्याकाळी ७:३०

आता सगळं बसलंय. राणी मागच्या रविवारी माझ्या मावशीकडं गेला, तिच्याकडं नऊ कोंबड्या हायेत अन् कोंबडा बोक्यानं नेला होता. धाकटीची अट होती की तिथं कापायचा नाही, मावशीनं शप्पथ घेतलीय, बघू किती दिवस पाळती.

रात्री बॅटरी मारून मोजते. वरच्या बांबूवर सात, खालच्या बांबूवर चार कावेरी अन् शेजारी लंगडी. तिला वरच्या बांबूवर पायामुळं चढताच येत नव्हतं, मागच्या सालापासून ती खाली जमिनीवरच बसायची अन् मला कधी सुचलं नाही एक बांबू खाली लावावा.

नळदुर्गचा_तुरा · २८ सप्टेंबर, रात्री ९:२०

ताई, जाळी किती इंची लावली होती? अन् कोंडवाडा चार बाय चारच ना? काल बारा पिलं आणलीत, वनराजची. आजीला विचारायला आता आजी नाही.

काळीमाती_औसा · २८ सप्टेंबर, रात्री ९:४५

आमची भेंडीची होती, एक इंची, ती नका घेऊ, मुंगसाचं डोकं आत जातं. अर्धा इंची वेल्डची घ्या. बाराला चार बाय चार नाही पुरणार, सहा बाय सहा तरी करा, अन् आधी वर पत्रा टाका मग बाकीचं. लासोटा कधी टाकली?

नळदुर्गचा_तुरा · २८ सप्टेंबर, रात्री ९:५०

शुक्रवारी टाकायचीय. बर्फ कशात आणू?

काळीमाती_औसा · २८ सप्टेंबर, रात्री ९:५२

थर्मासात.